बुसोगातल्या शाळांमध्ये स्पॉन्सर केलेल्या मुलांना भेटायला जाताना

प्रश्न थोडक्यात असा: नगरकडचा एक तरुण एमएसडब्ल्यू करून एका ख्रिस्ती संस्थेत लागलाय आणि डिसेंबरअखेर युगांडाच्या पूर्वेला, बुसोगा भागात रुजू होतोय. ज्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च देणगीदार उचलतात, त्यांना शाळेत आणि घरी जाऊन भेटायचं आणि अहवाल लिहायचा, हे त्याचं पहिलं काम. मुलांसाठी काय न्यावं, त्यांच्याशी काय बोलावं, फोटोंचं काय, आणि त्यांना प्रभूविषयी सांगावं का, असं त्यानं विचारलंय. जानेवारीतच सगळ्या भेटी उरकून टाकायचा त्याचा बेत आहे. मी याच भागात बरीच वर्षं हेच काम केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तारखांचं. जानेवारीत शाळा बंद असतात. युगांडात शालेय वर्ष साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला उघडतं आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संपतं. मधे तीन सत्रं आणि त्यांच्यामध्ये सुट्ट्या. तुम्ही जानेवारीत पोहोचाल तेव्हा वर्गांना कुलूप असेल आणि मुलं शेतात किंवा दुसऱ्या गावच्या नातेवाइकांकडे असतील. तो महिना घरं पाहायला, रस्ते समजून घ्यायला आणि लुसोगा या तिथल्या भाषेतले चार शब्द शिकायला वापरा. शाळाभेटी सत्राच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ठेवा, कारण पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं आलेलीच नसतात. घरात वही-गणवेशाच्या पैशांची जुळवाजुळव चाललेली असते. ऑक्टोबरात सातवीच्या मुलांना त्रास देऊ नका. त्यांची प्रायमरी लीव्हिंग एक्झामिनेशन, म्हणजे पीएलई, तोंडावर असते. इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र असे चार पेपर, आणि पुढे कोणती शाळा मिळणार ते त्यांवरच ठरतं. पावसाचे महिने मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. तेव्हा मुरमाचे लाल रस्ते इतके निसरडे होतात की दिवसाला तीन शाळा ठरवल्या तर एक होते.

आता भेट कशासाठी, ते नीट ठरवून घ्या, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. भेट ही तपासणी आहे. मायेनं, अदबीनं केलेली, पण तपासणीच. मूल खरंच शाळेत येतंय का, काही शिकतंय का, त्याला कुणी मारत किंवा छळत नाही ना, घरी काय स्थिती आहे आणि आपला पैसा ज्यासाठी निघाला त्याच कामी लागला का, एवढं पाहायचं. मूल किती कृतज्ञ आहे, हे पाहणं तुमचं काम नाही. नवीन कार्यकर्त्यांच्या अहवालात मला सर्वांत जास्त तेच सापडतं: "मुलाच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले." आले असतील. पण त्याच मुलाच्या हजेरीचा रकाना कोरा असतो.

हे मी जरा जोरात सांगते, कारण आपण मराठी ख्रिस्ती माणसं एकेकाळी या व्यवहाराच्या दुसऱ्या टोकाला उभी होतो. १८९९-१९०० च्या दुष्काळानंतर मिशनच्या अनाथाश्रमांत जी पोरं आली, त्यांतल्या अनेकांचा वर्षाचा खर्च अमेरिकेतली कुटुंबं आणि रविवारच्या शाळा उचलत होत्या. मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्या कितीतरी घरांत तो इतिहास आहे, माझ्याही आहे. रांगेत उभं राहून फोटो काढून घेणं आणि न पाहिलेल्या माणसाला आभाराचं पत्र लिहिणं ज्या घरांनी सोसलंय, त्यातल्या माणसानं बुसोगातल्या पोराकडून तेच वसूल करायला जाऊ नये. त्या पैशानं आपल्या पणजोबांना अक्षर मिळालं हेही खरं, आणि म्हणूनच मी या कामात टिकले.

शाळेत पोहोचल्यावर आधी मुख्याध्यापकांची खोली गाठा. तिथे व्हिजिटर्स बुक असतं. नाव, संस्था, कामाचं कारण लिहून सही करायची. ते टाळून वर्गाकडे जाणं म्हणजे मोठा अपमान. भिंतीवर जाड कागदावर रंगीत पेनानं इयत्तावार मुला-मुलींची संख्या लिहिलेली असते, ती शांतपणे वाचा. पहिलीत शंभरावर मुलं आणि सातवीत त्याचा एखादा तुकडा, हे चित्र तिथेच दिसेल. १९९७ साली सरकारनं प्राथमिक शिक्षण मोफत केलं आणि शाळा भरून गेल्या, पण शिक्षक आणि वर्ग त्या प्रमाणात वाढले नाहीत. शिवाय मोफत म्हटलं तरी दुपारचं पोशो-बीन्स (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि घेवडा), सकाळची मक्याची पेज, परीक्षेचे कागद, गणवेश, असं काही ना काही लागतंच. तुमच्या संस्थेचा पैसा बहुधा तिथेच जातो, म्हणून पावत्या सत्रवार मागा. आवारात झाडांवर आणि खांबांवर पाट्या दिसतील: इंग्रजी बोला, लवकर लग्न टाळा, हात धुवा. त्यातली एखादी वाचून दाखवायला मुलांना सांगितलंत तर संकोच मोडायला बरं पडतं, आणि कुणाला वाचता येतंय तेही कळतं.

एक गोष्ट आधीच फोन करून सांगा: स्वागत समारंभ नको. नाहीतर तुम्ही उतरताच शाळा मैदानात उभी असेल, ढोल वाजतील, पाहुण्यांचं गाणं होईल, नाच होईल. मुख्याध्यापक भाषण करतील, तुम्हीही कराल, आणि दुपारपर्यंत तास बुडालेले असतील. मुख्याध्यापकांचा यात दोष नाही. मागचे पाहुणे तेच पाहून खूश होऊन गेलेले असतात.

मग हजेरीपुस्तक. पण एकटं हजेरीपुस्तक पाहून फसाल, कारण शंभर मुलांच्या वर्गात शिक्षक अंदाजानं खुणा करतो. त्याच्या जोडीला मुलाच्या वह्या मागा. युगांडात प्रत्येक धड्याच्या वर तारीख लिहायची सवय अगदी पहिल्यापासून लावतात. गणिताची वही घेऊन तारखा पाहत गेलात की खाडे आपोआप उघडे पडतात. सोमवार, मंगळवार, मग थेट पुढचा गुरुवार. लाल पेनाच्या खुणा कुठे थांबल्यात ते पाहिलं तर शिक्षक किती दिवस आला नव्हता, तेही कळतं. ते मात्र मनात ठेवा, वर्गात बोलू नका.

बुसोगात वह्यांमधली ती भोकं पुष्कळदा उसाची असतात. हा उसाचा पट्टा. काकिरा आणि आजूबाजूच्या कारखान्यांना लहान शेतकरी करारानं ऊस घालतात, आणि तोडणीला, मोळ्या वाहायला पोरं जातात. दिवसाच्या शेवटी हातात रोख पैसे पडतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला ते वहीपेक्षा खरे वाटतात, आणि घरालाही. तुम्ही नगरचे आहात, ऊसतोडीला गेलेल्या घरांतल्या पोरांच्या शाळेचं काय होतं ते तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको. फरक असा की आपल्याकडे कुटुंबच्या कुटुंब फडावर जातं, इथे मूल घरी राहूनच सकाळी शाळेऐवजी फडात जातं, त्यामुळे कुणाच्या नजरेत येत नाही. वहीत अशी भोकं दिसली तर मुलाला वर्गात उभं करून विचारू नका. नोंद करा आणि घरभेटीत, आजीशी किंवा आईशी बोलताना, "सध्या ऊस चालू आहे का?" एवढं सहज विचारा. उत्तर मिळतं.

मुलाशी बोलणं हा सगळ्यांत नाजूक भाग. बहुतेक शाळांत मुलींचेही केस बारीक कापलेले असतात, त्यामुळे नवखा माणूस गणवेशाकडे न बघता मुलीला मुलगा समजतो आणि पोर दिवसभर खजील होते. फाइलमधलं नाव आणि फोटो आधी पाहून जा. वय आणि इयत्ता जुळली नाही तर दचकू नका. अकरा वर्षांचं मूल तिसरीत असणं तिथे रोजचं आहे: कुणी उशिरा शाळेत आलं, कुणी एक वर्ष पुन्हा बसलं. त्यात कोविडकाळात, मार्च २०२० पासून जानेवारी २०२२ पर्यंत, युगांडातल्या बहुतेक मुलांची शाळा जवळजवळ बंदच होती. जगात इतका काळ शाळा क्वचितच कुठे बंद राहिल्या. त्या काळात गरोदर राहिलेल्या मुली आणि मजुरीला लागलेली मुलं यांतली काही परत आली, बरीच आली नाहीत. आज वरच्या वर्गांत जी मोठी मुलं दिसतात त्यांच्या मागे ती दोन वर्षं आहेत.

"हाऊ आर यू?" असं विचारलंत की सबंध वर्ग एका सुरात "वुई आर फाइन!" म्हणेल. ते गाणं आहे, उत्तर नाही. "शाळा आवडते का?" यालाही होच मिळणार. त्यापेक्षा काल दुपारी काय जेवलास, या आठवड्यात कोणत्या दिवशी घरी राहिलास, शेजारी कोण बसतं, शाळेच्या वाटेवर कुठे भीती वाटते, रात्री कुणाजवळ झोपतेस, असं विचारा. तिसरीपर्यंत शिकवणं मुख्यतः स्थानिक भाषेत होतं आणि चौथीपासून इंग्रजीकडे वळतं, त्यामुळे लहानांशी इंग्रजीत बोलून काही हाती लागत नाही. दुभाषी लागतो, आणि तो त्या मुलाचा वर्गशिक्षक नसावा. ज्याच्या हातून मार बसतो त्याच्याच तोंडून मूल माराबद्दल कसं सांगणार? मूल गप्प बसून नुसत्या भुवया उंचावेल, तर ते हो म्हणतंय. नवीन माणूस तोच प्रश्न तीनदा विचारतो आणि पोराला वाटतं आपलं काही चुकलं. मुली मोठ्यांशी बोलताना मान खाली घालून, ऐकू येईल न येईल अशा आवाजात बोलतात. त्याला लाजाळूपणा किंवा दडपण समजून अहवालात लिहू नका, ती तिथली रीत आहे.

तीच गोष्ट गुडघे टेकण्याची. बुसोगात आणि शेजारच्या बुगांडात मुली व बायका वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. आपल्याला ते पाहवत नाही आणि आपण "अगं ऊठ, ऊठ" करत तिचा हात ओढतो. त्यानं ती गोंधळते आणि घरच्यांना वाटतं आपल्या मुलीनं काहीतरी गैर केलं. शांतपणे "कोधेयो" हा लुसोगातला नमस्कार म्हणा, नमस्कार पूर्ण होऊ द्या, आणि मग तुम्हीही चटईवर बसा.

कुठे बसून बोलायचं याचे नियम कडक ठेवा. आंब्याच्या झाडाखाली, सगळ्यांना दिसाल पण शब्द ऐकू जाणार नाहीत इतक्या अंतरावर. बंद खोलीत एकटं मूल आणि तुम्ही, असं कधीही नाही. गाडीत नाही, वसतिगृहात नाही. तुम्ही कितीही सरळ असलात तरी नाही. जी संस्था तुम्हाला हे रुजू होण्याआधी लेखी देत नाही, पोलिसांकडचं चारित्र्य प्रमाणपत्र मागत नाही, तिच्याबद्दल मी दोनदा विचार करेन. मुलाला छडीचा मार बसत असल्याचं कळलं तर लक्षात ठेवा की २०१६ च्या बालक कायद्यातल्या दुरुस्तीनं शाळेतली शारीरिक शिक्षा युगांडात बेकायदा झाली आहे. छडी अजून वर्गात दिसते ही गोष्ट वेगळी. साध्या माराबद्दल मुख्याध्यापकांशी एकांतात बोलता येतं. लैंगिक छळाचा नुसता संशय असेल तर मात्र शाळेत कुणाशीही चर्चा न करता त्याच दिवशी तुमच्या संस्थेच्या बालसुरक्षा अधिकाऱ्याला कळवा. सरकारची बालकांसाठीची मोफत हेल्पलाइन ११६ आहे. मुलाकडून सगळी हकीकत वदवून घेऊ नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं. आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन तर मुळीच देऊ नका.

प्रत्येक शाळेत सीनियर वुमन टीचर म्हणून एका शिक्षिकेची नेमणूक असते. मुलींची पाळी, कपडे, घरचे त्रास, हे तिच्याकडे येतं. पुरुष कार्यकर्ते बहुधा मुख्याध्यापकांशी बोलून निघतात आणि तिला भेटतच नाहीत. तुम्ही तिच्याजवळ बसा. पाचवी ते सातवीतली मुलगी महिन्यातून तीन-चार दिवस का येत नाही, शौचालयाला दार आहे का, पाणी कुठून आणतात, पॅड संपले की काय करतात, हे तिला सगळं ठाऊक असतं. संस्थेचा पैसा कुठे लावावा याचे सर्वांत शहाणे सल्ले मला अशा शिक्षिकांनीच दिलेत.

घरभेटीला जाताना वाटेत एलसी-वन चेअरमनकडे थांबा. गावपातळीच्या कौन्सिलचा हा प्रमुख. आपल्या सरपंचापेक्षा त्याचं क्षेत्र लहान, पण गावात कोण आलं-गेलं हे त्याला माहीत असायलाच हवं. घरात पुष्कळदा आजी असते, तिला जज्जा म्हणतात. आईबाप कंपालात किंवा दुसऱ्या लग्नात, किंवा वारलेले. कसे वारले, हे मुलासमोर आणि शेजाऱ्यांसमोर विचारायचं नाही. घरातल्या कुणाच्या एचआयव्हीबद्दल तर कधीच नाही. कामासाठी लागणारी माहिती फाइलमध्ये असते आणि ती तिथेच राहते. तुम्हाला घरातली एकुलती एक खुर्ची मिळेल. बसा. नजर फिरवा, पण झडती घेतल्यासारखी नको: मच्छरदाणी टांगलेली आहे की घडीतच आहे, पाण्याचे पिवळे जेरीकॅन किती आणि ते कोण भरतं, वह्या कुठे ठेवल्यात. मुलाच्या पायांकडे बघा. बुसोगात जिगर नावाच्या पिसवेचा त्रास फार. ती तळव्यात आणि नखांच्या कडेला घुसते, पाय सुजतात, मूल लंगडतं आणि मग शाळेत जायला लाजतं. मातीची जमीन, अनवाणी पाय आणि पाण्याची टंचाई, ही त्याची कारणं. घरी सगळ्यांचे किडे एकाच सुईनं काढतात, ते धोक्याचं आहे, आरोग्यकेंद्रात पाठवा.

माझ्या मते घरभेटीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुमच्या मुलाबद्दल नसतोच. त्याच्या भावंडांबद्दल असतो. एकाच्या पायात बूट आणि चौघं अनवाणी, एकाला दप्तर आणि बाकीच्यांना काही नाही, असं असेल तर आपण त्या घरात एक भिंत उभी केली आहे. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे स्पॉन्सर केलेल्या मुलाला घरातलं एकही काम सांगत नाहीत, आणि अशीही जिथे त्याच्यावर सगळ्यांचा राग निघतो. दोन्ही अहवालात यायला हवं.

निघताना ते तुम्हाला काहीतरी देतील. शेंगदाणे, फणस, अंडी, बऱ्याचदा जिवंत कोंबडी, पाय बांधून. "अहो नको, तुम्हालाच राहू द्या" हे आपल्या तोंडात तयार असतं. घ्या. दोन्ही हातांनी घ्या. नाकारलीत तर तुम्ही त्यांना सांगताय की देणारे आम्हीच, तुम्ही फक्त घेणारे. काही संस्थांचे भेटवस्तूंचे नियम असतात, त्यात कोंबडीची नोंद कशी करायची हे कार्यालयाला विचारून ठेवा. माझ्या ओळखीच्या एका हिशेबनिसानं तिच्यासाठी वेगळा रकाना केला होता.

काय न्यावं? भारतातून जवळजवळ काहीच नाही. गोळ्या-चॉकलेटं अजिबात नकोत. शंभर मुलांत चाळीस चॉकलेटं म्हणजे चेंगराचेंगरी, आणि पुढच्या पाहुण्याच्या गाडीमागे धावणारी पोरं. मुलाच्या हातात रोख पैसे नाहीत, मोबाइल मनीवर तर नाहीतच. द्यायचंच असेल तर सगळ्या शाळेला उपयोगी पडेल असं काही इगांगा किंवा जिंजा या जवळच्या शहरांच्या बाजारातून घ्या: फुटबॉल, दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, सातवीसाठी कंपासपेट्या, वाचायची पुस्तकं. ते मुख्याध्यापकांच्या हाती, नोंद करून. औषधं कधीही देऊ नका, पॅरासिटामॉलसुद्धा. जिंजात वैद्यकीय शिक्षण नसलेली एक अमेरिकन तरुणी धर्मकार्य म्हणून कुपोषित मुलांचं केंद्र चालवत होती. तिथे आणलेली बरीच मुलं दगावली, प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२० साली दोन कुटुंबांशी तडजोड झाली. तेव्हापासून पाहुण्यांच्या औषधांकडे लोक संशयानं बघतात, आणि बरोबर करतात.

निवासी शाळेतली मुलं असतील तर व्हिजिटेशन डे चुकवू नका. सत्रात एखाद्या रविवारी पालक डबे घेऊन येतात: कोंबडी, चपात्या, सोडा, केळी. मैदानभर चटया पसरतात. ज्यांचं कुणी येत नाही ती मुलं त्या दिवशी डॉर्मिटरीत पांघरूण ओढून पडलेली असतात, आणि आपली मुलं बहुधा त्यांतच असतात. आजीला बसभाडं नसतं. मी तर देणगीदाराच्या पैशातून आजीचं भाडं देण्याच्या बाजूची आहे. तुम्ही स्वतः जाऊन बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. निवासी शाळेत दर सत्राला सामानाची यादी असते: गादी, पत्र्याची पेटी, झाडू, कागदाची रिमं, टॉयलेट पेपरचे रोल. पहिल्या दिवशी यादी पुरी नसली तर मुलाला फाटकातूनच परत पाठवतात. फी भरली म्हणून संस्था निर्धास्त असते आणि मूल झाडूपायी घरी बसलेलं असतं. हे फेब्रुवारीत नक्की तपासा.

तुमच्या दिसण्याबद्दल. पोरं तुम्हाला "मुयिंडी" म्हणून हाक मारतील, म्हणजे भारतीय. तिथल्या मनात भारतीय म्हणजे दुकानदार किंवा साखर कारखान्याचा मालक, आणि हिंदू किंवा मुसलमान. १९७२ मध्ये इदी अमीननं आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावलं, नव्वदीच्या दशकात काहीजण परत आले, ही गोष्ट म्हाताऱ्यांना आठवते आणि तिचे दोन्ही अर्थ त्यांच्या बोलण्यात येतात. भारतीय माणूस ख्रिस्ती असतो आणि त्याच्याकडे पैसा नसतो, याचं त्यांना खरंच नवल वाटतं. जुन्या कंपाला-एन्टेबेत गोव्याचे कॅथलिक कारकून पुष्कळ होते, पण खेड्यात ते फारसे कुणाला ठाऊक नाहीत. या नवलाचा फायदा असा की लोक तुम्हाला प्रश्न विचारतात, आणि संभाषण एकतर्फी राहत नाही.

आता साक्ष देण्याबद्दल, म्हणजे मुलांना प्रभूविषयी सांगण्याबद्दल. तुम्ही सुवार्ता घेऊन चाललेला नाही, ती तिथे १८७७ मध्येच पोहोचली आहे. बिशप हॅनिंग्टन या इंग्रज मिशनऱ्याचा १८८५ साली वध झाला तो याच बुसोगात, आणि नामुगोंगोला श्रद्धेपायी मारल्या गेलेल्या ख्रिस्ती हुतात्म्यांसाठी दर ३ जूनला लाखो माणसं जमतात, त्यातली कित्येक दिवसेंदिवस चालत येतात. तिथल्या रविवारच्या उपासना आपल्या चर्चमधल्यापेक्षा लांब, भरलेल्या आणि सुरेल असतात. मुख्याध्यापक तुम्हाला प्रार्थना करायला सांगतीलच, छोटी करा. पण वर्गात मुसलमान मुलंही असतात, इगांगा-मायुगेकडे तर पुष्कळ, आणि तुमच्या यादीतही असतील. त्यांना बायबलची पाठ म्हणायला लावणं, रविवारच्या शाळेची हजेरी मदतीशी जोडणं, हे मी करत नाही आणि हाताखालच्या कुणाला करू देत नाही. ज्याचं जेवण आपल्या हातात आहे, त्या मुलाच्या होकाराला अर्थ नसतो. आपल्याकडे १८९३ मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर, पुण्यातल्या त्यांच्या मुलींच्या आणि विधवांच्या शाळेवर, हाच वाद उठला. मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसतात म्हणून सल्लागार मंडळानं अंग काढून घेतलं आणि पालकांनी बऱ्याच मुली परत नेल्या. रमाबाईंनी कुणावर बळजबरी केली नव्हती. पालकांचा विश्वास एकदा गेला की शिक्षणच थांबतं, हे त्या मुलींच्या बाबतीत झालं. तुमच्यावर कुणी मोकळेपणानं प्रश्न टाकला, तर मोकळेपणानं उत्तर द्या.

फोटो थोडक्यात. पालकांची परवानगी आणि मुलाचीही. ते मान फिरवत असेल तर कॅमेरा ठेवून द्या. फाटका गणवेश, शेंबूड, रडणं, आजारपण काढायचं नाही. मुलाचं नाव, शाळा आणि गाव एकाच ठिकाणी छापायचं नाही, फोनमधलं लोकेशन बंद ठेवायचं. स्वतःच्या स्टेटसला मुलांचे फोटो लावायचे नाहीत, नगरच्या मंडळीनं कितीही आग्रह केला तरी.

अहवालात विशेषणं कमी आणि तारखा जास्त. या सत्रातले किती दिवस हजर, कोणत्या विषयात मागे, वजन-उंची घेतली असेल तर ती, शाळेत काय खातो, घरात काय बदललं. वाईट बातमीही लिहा. मूल शाळा सोडून ऊसतोडीला लागलं, मुलगी गरोदर राहिली, हे देणगीदारापासून लपवायची एक रीत या क्षेत्रात आहे: गुपचूप दुसऱ्या मुलाचं नाव त्या फाइलवर चढवायचं. तसं करायला सांगितलं तर लेखी नकार द्या. गरोदर राहिलेल्या मुलीची मदत थांबवण्याऐवजी बाळंतपणानंतर तिला परत वर्गात आणण्यासाठी देणगीदाराकडे वेळ मागा. युगांडा सरकारचंही आता तिला शाळेत परत घ्यावं असं धोरण आहे, आणि बरेच देणगीदार विचारलं तर हो म्हणतात.

मुलं दोन प्रश्न नक्की विचारतील: पुन्हा कधी येणार, आणि मला इंडियाला नेणार का. दुसऱ्याला नाही म्हणा, हसून, पण स्पष्ट. पहिल्याला, तारीख पक्की असेल तरच तारीख सांगा.

कागदपत्रं: पर्यटक व्हिसावर काम करू नका, वर्क परमिट संस्थेनं काढायला हवं. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्या, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. व्हिक्टोरिया सरोवरात किंवा नाईलच्या संथ पाण्यात उतरू नका, बिलहार्झिया हा जंतांचा आजार होतो. बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसावंच लागलं तर स्वतःचं हेल्मेट वापरा. आणि लशीचं पिवळं कार्ड पासपोर्टला जोडून ठेवा. ते नसेल तर परतताना मुंबईच्या विमानतळावरून थेट क्वारंटाइनमध्ये पाठवू शकतात.